हयातीचा दाखला

माणसाच्या आयुष्यात मासे दोन वाटांनी शिरतात. एक ताटातून, दुसरी काचेतून. आमच्या घरात पहिली वाट पूर्वजांनीच लिंपून टाकलेली असल्यामुळे दुसरी उघडी राहिली, एवढंच. चिरंजीवांना दहावं लागलं तेव्हा त्यांनी आधी कुत्रा मागितला. मी नाही म्हटलं. मग मांजर मागितलं, मग ससा. युनियनची वीस वर्षं वर्गणी भरल्यामुळे हे तंत्र माझ्या ओळखीचं होतं. शंभर मागायचे आणि दहावर समेट करायचा. त्या दहाच्या जागी मासे आले.

टाकी तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच. काठोकाठ भरली तर शंभर लिटरच्या वर पाणी बसतं, हा हिशेब मी बी.कॉम. असूनही तोंडी केला. तळाशी गारगोट्यांचा खडबडीत थर, त्याखाली भोकाभोकांची प्लॅस्टिकची जाळी, तिच्यातून वर आलेली नळी आणि नळीला हवेचा पंप. दुकानदार म्हणाला, ही जाळी सगळी घाण खाली ओढून घेते. आपल्या घरात घाण पायाखाली गेली की ती गेली असंच धरतात, तेव्हा मला ही व्यवस्था पटली. त्यात सहा टायगर बार्ब सोडले. अंगावर काळे पट्टे, मूळ गाव सुमात्रा-बोर्निओकडचं, आणि स्वभाव थेट डोंबिवली स्टेशनातल्या सकाळच्या फास्ट गाडीच्या दारातला. खाण्याची चिमूट पाण्यावर पोचायच्या आत हे सहाही जण तोंड वर करून हजर.

महिन्याभराने दुकानदारानेच कुलींचा विषय काढला.

"साहेब, तळ रिकामा दिसतोय तुमचा. कुली लोच घेऊन जा. वरून पडलेलं उष्टंखरकटं खातो, तळ झाडून ठेवतो. वेगळा खर्च नाही."

'वेगळा खर्च नाही' हे तीन शब्द ऐकले की बँकेतल्या माणसाच्या अंगावर मूठभर मांस चढतं. शिवाय नावही कष्टाळू वाटलं. सहा घेतले. प्लॅस्टिकच्या पिशवीत ते सहा जण एकमेकांत गुंतून बसले होते. जेमतेम बोटाएवढे लांब, पेन्सिलीपेक्षा बारीक, पिवळट अंगावर गडद तपकिरी आडवे पट्टे, तोंडाशी चार केस मिशांसारखे. सौभाग्यवतींनी पिशवी उजेडात धरून पाहिली आणि म्हणाल्या, "अहो, तुम्हाला गांडुळं देऊन पाठवलंय."

पिशवी टाकीत सोडली. एका मिनिटात सहाही जण नाहीसे झाले. नाहीसे म्हणजे अक्षरशः. एक नळीमागे जाताना दिसला, एकाची शेपटी गारगोट्यांत शिरताना दिसली, बाकीच्यांचं काय झालं ते पट्टे आणि परमेश्वर जाणे. पुढचे तीन आठवडे आमच्या टाकीत कुली हे मासे नसून अफवा होते. पाहुणे येत, चिरंजीव त्यांना काचेपाशी नेऊन "इथे सहा कुली आहेत" असं सांगत, पाहुणे वाकून वाकून बघत आणि उठताना माझ्याकडे ज्या नजरेने बघत, ती नजर मी फक्त थकबाकीदारांच्या जामीनदारांकडे वळलेली पाहिली होती.

पण मला चिंता नव्हती. माझी नोंद चोख होती. सकाळी एक चिमूट, रात्री एक चिमूट, रविवारी टाकीतलं पाव पाणी बदल. खाणं टाकलं, खर्ची पडलं, विषय संपला. जमाखर्चाचं शास्त्र सांगतं की देणाऱ्याच्या खात्यातून रक्कम गेली की घेणाऱ्याच्या खात्यात ती पोचलेलीच असते. वर टाकलेलं खाली जातं, हे तर न्यूटननेही सांगून ठेवलंय. मधे सहा टायगर बार्ब असतात हे न्यूटनला कुठून माहीत असणार?

गणपतीत, गौरी जेवल्या त्याच दिवशी, एक कुली मिळाला. काचेला टेकून तळाशी आडवा पडला होता. तळहातावर घेतला तेव्हा वजनच लागेना. पोट असं खपाटीला गेलेलं की दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांची गाठ पडावी. चिरंजीव शेजारी उभे होते.

"बाबा, आपण रोज खाणं घालतो ना?"

"घालतो की."

"दोनदा?"

"दोनदा."

"मग?"

बँकेत ऑडिटर येतात, ते असे प्रश्न विचारत नाहीत. ते व्हाउचर मागतात. व्हाउचर माझ्याकडे होतं. उत्तर नव्हतं.

त्या रात्री मी माझ्या परीने उपाय केला. सरकारी खात्यात एखादी योजना खाली पोचत नाही असं दिसलं की तरतूद दुप्पट करतात, तशी मी केली. चिमटीच्या जागी दोन चिमट्या. आठवड्यात टायगर बार्ब असे फुगले की त्यांना वळताना मागे-पुढे करावं लागे. पाणी ताकासारखं गढूळ झालं आणि घरात उग्र वास सुटला. तळाच्या मंडळींची स्थिती 'अफवा' या सदरात तशीच कायम.

आमच्या मजल्यावर प्राणिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात. त्यांना सगळी इमारत 'सर' म्हणते. वास त्यांच्या दारापर्यंत गेल्यामुळे ते आपण होऊनच आले. टाकीपाशी खुर्ची ओढून बसले, पाच मिनिटं काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, "दिवा कधी मालवता?"

"दहा वाजता."

"खाणं कधी घालता?"

"नऊ वाजता."

"म्हणजे ज्याची रात्रपाळी आहे त्याला तुम्ही दिवसपाळीच्या कँटीनचं कुपन देता."

मग सरांनी माझा तास घेतला. पहिला धक्का नावाचा. कुली हा कुली नव्हेच. हाइनरिश कूल नावाचा एक जर्मन प्राणिशास्त्रज्ञ होता, त्याच्या नावावरून हे नाव पडलं. तो १८२० च्या डिसेंबरात जावा बेटावर उतरला आणि १८२१ च्या सप्टेंबरात, वयाची चोवीस पुरी व्हायच्या आत तिथेच वारला. पुढे १८४६ साली व्हालांसिएन या फ्रेंच शास्त्रज्ञाने या माशाचं वर्णन छापलं आणि त्याला कूलचं नाव दिलं. माणूस गेल्यावर पंचवीस वर्षांनी त्याच्या नावे खातं उघडण्याचा हा प्रकार मला नवा होता. पण सांगायचा मुद्दा असा, की या माशाने कुणाचं ओझं वाहायचं, कुणाचं उष्टं काढायचं असा कसलाही करार केलेला नाही. तो करार दुकानदाराने त्याच्या वतीने केला होता.

"हा उष्टं खातो म्हणतात ते चूक," सर म्हणाले. "उष्टं उरलं तर खाईल. तुमचे बार्ब उरवतात का? याचं राहतं घर म्हणजे संथ ओहोळांचा तळ. मऊ वाळू, कुजलेला पालापाचोळा. त्यात डोकं खुपसायचं, या मिशांनी चाचपायचं आणि बारीक किडे-अळ्या शोधायच्या. तेही अंधार पडल्यावर. डोळ्यांचा उपयोग कमी, मिशांचा आणि वासाचा जास्त. आणि तुम्ही त्याला गारगोट्यांवर झोपवलंय. मिशा सोलून निघतील त्याच्या."

दुकानदाराने दिलेलं निळं औषध मी मोठ्या अभिमानाने पुढे केलं. सरांनी बाटली माझ्या हातातून काढून घेतली. कुलीच्या अंगावरचे खवले इतके बारीक आणि कातडीत रुतलेले असतात की ते नसल्यासारखेच, त्यामुळे औषधाची मात्रा इतरांना सोसते तेवढी त्याला सोसत नाही, असं ते म्हणाले. शिवाय त्याचा आजार उपासमारीचा. त्यावर बाटलीत औषध नसतं.

"आणि एकटादुकटा ठेवलात तर आणखी लपेल," जाता जाता ते म्हणाले. "टोळी लागते याला. पाच-सहा तरी. लाजणाऱ्याला दुसरा लाजणारा सोबत असला की जरा धीर येतो."

हे वाक्य ऐकताना मला उगाचच कानकोंड्यासारखं झालं. त्याचं कारण आमच्या शाखेतलं जेवणाचं टेबल. आमच्याकडे दुपारच्या सुट्टीत सगळे डबे एकत्र उघडण्याचा रिवाज आहे. सहभोजन वगैरे. मी रोख खिडकीवर बसतो. (हल्ली आमच्या हुद्द्याला 'असोसिएट' म्हणतात. फरक पाटीत आहे, पगारात नाही.) कॅश मोजून, ड्रॉवर कुलूपबंद करून टेबलापाशी पोचायला मला इतरांपेक्षा सात मिनिटं उशीर होतो. आमच्या हिच्या सुरळीच्या वड्या शाखेत फार प्रसिद्ध आहेत. कर्जविभागाचे साहेब त्यांच्यावर पाच मिनिटं बोलू शकतात. क्लिअरिंगवाला त्यातलं खोबरं ओलं आहे की सुकं ते न चुकता ओळखतो. मी मात्र बँकेच्या आवारात आजवर एकही वडी खाल्लेली नाही. डब्यात मला मिळते ती कढीपत्त्याची काडी. आता "अहो, माझ्यासाठी दोन ठेवा" असं म्हणायला काय हरकत आहे? काही नाही. पण तोंडातून निघत नाही, त्याला काय करणार! काही माणसांचं तोंड निसर्गतःच खालच्या बाजूला असतं.

असो. रविवारी टाकी उपसायला घेतली. गारगोट्या काढून बारीक वाळू घालायची ठरली. वाळूचे कण जाळीच्या भोकांत बसतात, म्हणून जाळीही काढायची आणि तिच्या जागी स्पंजचा फिल्टर लावायचा, म्हणजे पंप तोच आणि चाळणी मऊ. वाळू चाळायला मी स्वयंपाकघरातली पिठाची चाळणी घेतली. हे वाक्य मी जितक्या सहज लिहिलं तितक्या सहज ते घडलं नाही, एवढंच इथे नमूद करतो. वाळू बादलीत धुवायची, पाणी ओतायचं, पुन्हा धुवायची, असं पाणी नितळ येईपर्यंत करायचं असतं. अठरा बादल्यांनंतर पाणी नितळ आलं आणि माझी कंबर गढूळ झाली. टाकीतलं पाणी काढायला नळीचं एक टोक आत आणि दुसरं तोंडात धरून ओढावं लागतं. नेमक्या कोणत्या क्षणी तोंड बाजूला करायचं याचं ज्ञान अनुभवानेच येतं. मला तिसऱ्या घोटाला आलं.

त्यावेळची शिल्लक अशी होती. सहापैकी एक दिवंगत. तीन जण रात्री बॅटरी मारून चिरंजीवांनी वेगवेगळ्या वेळी पाहिलेले. दोन बेपत्ता. गेल्या दीड महिन्यात कुणीही न पाहिलेले. मी त्या दोघांना मनातल्या मनात बुडीत खात्यात टाकून मोकळा झालो होतो.

गारगोट्या उपसल्या. मग जाळीची कड धरून ती हलकेच उचलली आणि चिरंजीव ओरडले. जाळीखालच्या काळ्या गाळात दोन कुली वळवळत होते. अंगाने चांगले भरलेले, पट्टे तुकतुकीत, त्या तिघांच्या दीडपट. नळीच्या सांध्याजवळच्या फटीतून ते कधीतरी खाली उतरले होते आणि वरच्या शंभर लिटरांतून जे काही झिरपून, बार्बांच्या तावडीतून सुटून खाली येत होतं, त्याच्या तोंडाशी बिऱ्हाड थाटून बसले होते. तिथे बार्ब नव्हते, दिवा नव्हता, पाहुणे नव्हते. सरांना बोलावलं. ते म्हणाले, लोच या जातीची ही जुनी खोड आहे. जाळीखाली नाहीतर फिल्टरच्या डब्यात महिनोन् महिने मुक्काम करतात.

वीस-बावीस वर्षांच्या नोकरीत एकदा बुडीत म्हणून लिहिलेलं खातं व्याजासकट परत आलेलं मी पाहिलं नव्हतं. इथे एका सकाळी दोन वसूल झाली. मी सौभाग्यवतींना हाक मारली. त्या चाळणीच्या दुःखात होत्या, तरी आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "बरं झालं, बाई." गांडुळं म्हटलं नाही.

पण ते दोघे जगले ते माझ्यामुळे नव्हे, माझ्यापासून लपल्यामुळे, हे उघड होतं. आता जाळी तर काढली होती. म्हणजे पाचही जणांच्या पोटाची जबाबदारी पहिल्यांदाच खऱ्या अर्थाने माझ्यावर आली.

मग सर, चिरंजीव आणि मी अशी त्रिसदस्यीय समिती बसली. वाळू दोन इंच पसरली. सौभाग्यवतींकडून दोन नारळाच्या करवंट्या मिळवल्या, उकळून घेतल्या, कडेला दारापुरती खाच पाडली आणि टाकीच्या उजव्या कोपऱ्यात पालथ्या घातल्या. शेजारी पाणवनस्पतींची दाटी केली. वर झाकण पक्कं बसवलं, कारण हा प्राणी लाजाळू असला तरी रात्री बारीकशा फटीतून टाकीबाहेर पडण्याइतका धीट आहे. (लाजाळू माणसंही असा एखादा अविचार करतात. आमच्या एका लाजाळू सहकाऱ्याने एकाएकी प्रेमविवाह केला.)

आता खाण्याची पद्धत. रात्री साडेनऊला टाकीच्या डाव्या टोकाला तरंगणारं खाणं घालायचं. बार्ब मंडळींची पंगत तिकडे बसते. त्यांचं पोट भरलं, ती जरा सुस्तावली, की दिवा मालवायचा. अर्धा तास थांबायचं. अंधारात बार्ब एका जागी टांगल्यासारखे स्थिर होतात. मग उजव्या कोपऱ्यात प्लंबरकडून आणलेली अर्ध्या इंची पाइपाची नळी उभी धरायची. खालचं तोंड करवंटीच्या दाराशी. वरच्या तोंडातून पाण्यात बुडणाऱ्या गोळ्या सोडायच्या. गोळी पाइपातून थेट तळाशी. वाटेत नाका नाही, दलाल नाही. थेट लाभार्थीच्या खात्यात.

आठवड्यातून दोनदा मेजवानी म्हणून गोठवलेले ब्लडवर्म. नाव रक्तरंजित असलं तरी या एका चिलटासारख्या, न चावणाऱ्या माशीच्या लाल अळ्या असतात. दुकानात त्यांच्या लहान वड्या मिळतात आणि त्या घरी फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्यात ठेवाव्या लागतात. या बाबतीत घरात मी जे सोसलं त्याचा तपशील देत नाही. फक्त एवढं सांगतो की त्या वड्यांचा रंग गोठवलेल्या कोकमाच्या आगळासारखा असतो, ऑक्टोबरात उकाडा फार असतो, आणि त्या दिवशी वन्संच्या पेल्यात त्यातली एक पडता पडता राहिली.

सकाळी उठल्यावर उरलेल्या गोळ्या नळीने ओढून काढायच्या, नाहीतर त्या कुजतात, पाण्यात अमोनिया होतो आणि त्याचा पहिला फटका तळाच्यांनाच बसतो. किती गोळ्या उरल्या ते बघून त्या रात्रीची मात्रा ठरवायची. पाच घातल्या आणि दोन उरल्या तर तीन पुरतात. हे माझं खातं. रोज टॅली करतो.

आणि सगळ्यात अवघड कलम शेवटचं, ते म्हणजे न बघणं. सरांची सक्त ताकीद होती, पहिला पंधरवडा रात्री बॅटरी मारायची नाही. उजेड पडला की तोंडातला घास टाकून पळतात. चिरंजीव आणि मी अंधारात सोफ्यावर बसून राहायचो, काहीच दिसत नसताना. "खात असतील का, बाबा?" "असतील." सौभाग्यवती आतून विचारायच्या, "तुम्ही दोघं अंधारात काय करताय?" आता यावर काय सांगणार? जेवायला वाढून बसलोय म्हणून?

पंधरा दिवसांनी सरांनी बॅटरीच्या काचेवर पतंगाचा लाल कागद रबरबँडने बसवून दिला. मंद तांबडा उजेड माशांना फारसा जाचत नाही म्हणाले. त्या तांबूस उजेडात पाहिलं तर करवंटीच्या दाराशी चार जण एकमेकांच्या अंगावर पडून गोळीभोवती जमले होते. तोंड वाळूत खुपसायचं, वाळू तोंडात घ्यायची, कल्ल्यांतून सोडून द्यायची, खाणं ठेवायचं. वाळूचे बारीक फवारे दोन्ही बाजूंनी उडत होते. पाचवा आला तेव्हा चिरंजीवांनी माझा हात इतका घट्ट धरला की बॅटरी हलली.

याच सुमारास नोव्हेंबर लागला. बँकेतला नोव्हेंबर म्हणजे हयातीच्या दाखल्यांचा महिना. प्रत्येक पेन्शनराने आपण जिवंत आहोत असं वर्षातून एकदा लेखी कळवायचं असतं. न कळवल्यास डिसेंबरपासून पेन्शन थांबतं. २०१४ पासून यंत्रावर बोट टेकवून दाखला द्यायचीही सोय झाली आहे. आमच्या शाखेत पहिल्या आठवड्यात जी झुंबड उडते तिचं वर्णन मी करत नाही, टायगर बार्बांचं वर केलं आहेच. निवृत्त अधिकारी, निवृत्त हेडमास्तर, निवृत्त फौजदार, सगळे खिडकीवर तोंड वर करून हजर. आणि भिंतीलगतच्या बाकावर, पाण्याच्या कूलरच्या आडोशाला एक आजी. यजमान रेल्वेत होते, त्यांचं कुटुंबपेन्शन. या आजी गेली कित्येक वर्षं महिन्यातून एकदा येतात, बाकावर बसतात, गर्दी सरली की पासबुक पुढे करतात.

त्या वर्षी सोमवारी त्या आलेल्या मी पाहिल्या. यंत्रावर तीनदा बोट टेकवलं, तीनदा यंत्र नाही म्हणालं. जन्मभर भांडी घासून बोटांच्या रेषा झिजलेल्या. मागचे लोक "आजी, जरा बाजूला व्हा" म्हणाले, त्या झाल्या. बाकावर जाऊन बसल्या. बंद व्हायच्या वेळी मी मान वर केली तेव्हा बाक रिकामा होता. यादीत त्यांच्या नावापुढे काही नव्हतं. बुधवारी तेच. म्हणजे आमच्या दफ्तरी नोंद चोख होती. सोय उपलब्ध, यंत्र चालू, ग्राहक आलेला नाही.

शुक्रवारी त्या पुन्हा बाकावर दिसल्या. मी ड्रॉवरला कुलूप घातलं, खिडकीवर पाटी उलटी केली, छापील फॉर्म आणि शाईचं पॅड घेतलं आणि बाकावर त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. रांगेतून "अहो, जेवणाची सुट्टी झाली का?" असा आवाज आला. तो माझ्या अंगावरून गेला. फॉर्म भरला, अंगठा उठवला. आता अधिकाऱ्याची सही लागते. आमचे साहेब काचेच्या केबिनमध्ये असतात आणि तिथून ते सहसा खाली येत नाहीत. मी आयुष्यात पहिल्यांदा त्या काचेवर टिचकी मारली. काय झालं असेल ते असो, पण साहेब आले. आजींकडे पाहिलं, सही केली, वर "प्रकृती काय म्हणते, आजी?" असंही विचारलं.

"बाळा, आता चालू राहील ना?" आजींनी मला हळूच विचारलं.

"राहील की. दोनदा येऊन परत गेलात, सांगायचं नाही का?"

"सांगायचं काय? मला वाटलं, एवढं यंत्र तीनतीनदा नाही म्हणतंय, त्याअर्थी मी गेलेच असेन."

आणि पदर तोंडाला लावून हसल्या. एवढ्या वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी माझी रोकड मात्र वीस रुपयांनी कमी भरली आणि ते वीस रुपये खिशातून घालावे लागले, हेही सांगून टाकतो.

कुलींचं म्हणाल तर डिसेंबरात आणखी तीन आणले. आता आठ आहेत. हल्ली दिवा मालवायच्या आधीच दोघं-तिघं करवंटीच्या दारात मिशा बाहेर काढून बसतात, आणि मी पाइप हातात घेतला की त्यांना कळतं, असं चिरंजीवांचं म्हणणं आहे. सर म्हणतात, नीट सांभाळले तर दहा वर्षं जगतात. म्हणजे यातले काही माझ्या निवृत्तीच्या आसपास पोचतील.

सरांनी परवा आणखी एक गोष्ट सांगितली. दुकानात 'झेब्रा लोच' म्हणून दुसरा एक पट्टेवाला मिळतो, तो आपल्या सह्याद्रीतला. कृष्णेच्या खोऱ्यातला. नारायण राव यांनी १९२० साली त्याची शास्त्रीय नोंद केली. आता तो धोक्यात आलेल्या जातींच्या जागतिक यादीत आहे. जावा-सुमात्राच्या माशासाठी मी करवंट्या उकळत होतो आणि आपल्या नदीतला असा कुणी आहे याचा मला पत्ता नव्हता. तो मात्र दुकानातून आणणार नाही. नदीतून धरून आणलेला आहे की नाही, ते दुकानदार सांगेल यावर माझा आता विश्वास राहिलेला नाही.

गेल्या मंगळवारची गोष्ट. सकाळी डबा हातात देताना सौभाग्यवती म्हणाल्या, "वरच्या कप्प्यात वड्या आहेत. टेबलावर तो उघडा."

"आणि?"

"खालचा कप्पा टेबलावर उघडू नका. तीन वाजता उघडा, सगळे जागेवर गेले की."

दुपारी सात मिनिटं उशिरा टेबलापाशी पोचलो. वरचा कप्पा रिकामा होता. कर्जविभागाचे साहेब मिशा पुसत वड्यांविषयी बोलत होते. मी कढीपत्ता खाल्ला. तीन वाजता डबा घेऊन रेकॉर्डरूममध्ये गेलो, जुन्या खतावण्यांच्या दोन रॅकांमध्ये स्टुलावर बसलो आणि खालचा कप्पा उघडला. आठ वड्या होत्या. दिवा लावला नाही.